नानकटाई आणि आमची वही



आम्ही दोघी जावा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहोत. गोळ्यांची पाकिटं मोजायची, खोक्यात भरायची आणि खोकं पुढे सरकवायचं, एवढंच आमचं काम. आमच्यासारख्यांनी पेपरात काय लिहायचं, असं आम्हाला वाटायचं. पण यंदा कारखान्यात एक बातमी अशी आली, की त्या रात्री आम्हाला आमचीच जुनी वही काढून पहिल्यापासून वाचावी लागली.

आधी वहीबद्दल सांगतो. 2013 सालापासून आम्ही दोघींत मिळून एक वही ठेवली आहे. किराणा किती झाला, सिलिंडर कधी लावला, कोणत्या पोराला ताप होता, कामावर काय घडलं, सगळं तिच्यात असतं. रात्री भांडी आटोपली की जिचे डोळे उघडे असतील तिने चार ओळी लिहायच्या. थोरली सातवी शिकलेली आणि धाकटी दहावी, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब कोणी मागत नाही. ही सवय लावली विहाराच्या कपाटातल्या एका पुस्तकाने. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे ते पुस्तक, 1986 साली निघालेलं. फलटणच्या या माउलीने आपल्या छोट्याशा दुकानात बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहिलं आणि कित्येक वर्षं ते घरच्यांपासून लपवून ठेवलं. आम्हाला तर लपवायचीही गरज नव्हती. मग न लिहायला कारण काय उरलं?

आता नानकटाईबद्दल. आमच्या सासूबाई सणासुदीला मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीवर जायच्या. भट्टीवाला मळून, भाजून द्यायचा आणि किलोमागे मजुरी घ्यायचा. ती बेकरी बंद पडली. घरात ओव्हन नाही, म्हणून आम्ही जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात भाजतो. दोन वाट्या मैद्याला पाव वाटी बेसन, एक वाटी पिठीसाखर, वाटीला थोडं कमी तूप, चिमूटभर सोडा आणि वेलची. तूप-साखर आधी हाताने पांढरी होईस्तोवर फेसायची. पाणी किंवा दूध अजिबात नको. पातेल्यात बोटभर जाड मीठ पसरून, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवायचं. मीठ तापलं की उष्णता धरून ठेवतं आणि सगळीकडून सारखी देतं. त्यात तिवई, तिवईवर ताटली, आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. गरम असताना मऊ लागते म्हणून घाई करू नये, गार झाली की खुसखुशीत होते. मीठ खायला चालत नाही, पण भाजायला पुन्हा पुन्हा चालतं.

दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही ही नानकटाई करतो आणि सुट्टी संपली की डबा भरून कारखान्यात नेतो. बहुतेक जणी आवडीने खातात. पण आमच्या लाईनवर तपासणीच्या एक बाई होत्या. वयाने मोठ्या, शांत, कामाला चोख, गावाच्या नावावरून पडलेलं आडनाव. त्या कधीच घ्यायच्या नाहीत. "मला गोड चालत नाही," म्हणून डब्यावरची नजर काढून घ्यायच्या. आणि कोणाच्या वाढदिवसाला बेकरीचा केक आला, की त्याचा तुकडा मात्र खायच्या. आम्ही काय समजायचं ते समजलो. बाजारचं बिस्कीट कोणाच्या हातचं, हे कोणी विचारत नाही. घरच्या नानकटाईला मात्र घर असतं आणि घराला आडनाव असतं. आमचा संशय काही हवेतून आला नव्हता. याच कारखान्यात एका बाईने आमचा डबा आपल्या डब्याशेजारून उचलून दुसरीकडे ठेवलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

यंदा मार्च महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत या बाईंनी पिशवीतून लग्नपत्रिका काढल्या. मुलीचं लग्न, शिवाय मेअखेर त्या निवृत्त होणार, म्हणून सगळ्यांना बोलावणं. पत्रिका हातोहात फिरली आणि जेवणाच्या खोलीत बोलणंच थांबलं. वरती तथागतांचं चित्र, शेजारी बाबासाहेब, आणि खाली 'बौद्ध पद्धतीने मंगल परिणय'. बाई आमच्यासमोर येऊन बसल्या. पत्रिका पुढे करून हळूच म्हणाल्या, "जयभीम, ताई." इतकी वर्षं एका पट्ट्यावर काम करून हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला.

धाकटीच्या तोंडातला घास तसाच राहिला. थोरलीने विचारलं, "बाई, इतकी वर्षं?"

त्या म्हणाल्या, "लग्नानंतर आमची पहिली खोली जात कळल्यावर आठ दिवसांत सोडावी लागली. मोठी पोटात होती. तेव्हापासून यांनी सांगितलं, आडनाव खपतंय तर खपू दे. मग तीच सवय झाली. जयंतीची नानकटाई तुमच्याबरोबर बसून खाल्ली असती, तर कोणीतरी विचारलंच असतं, तुम्ही पण त्यातल्याच का? आणि मला खोटं बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा गोड चालत नाही, हे सोपं होतं. आता पोरगी अडून बसली. पत्रिकेवर बुद्ध नसेल तर लग्नाला उभी राहणार नाही, म्हणाली."

त्या रात्री आम्ही वही काढली. 15 एप्रिल 2014: 'चाळीस नानकटाया नेल्या. तपासणीच्या बाईंनी घेतली नाही. जातीवर गेल्या.' पुढच्या वर्षी तेच. 2016 ला तेच, वर धाकटीची रागाने ओढलेली रेघ. आणि 15 एप्रिल 2017: 'आज बाईंनी एक घेतली. खाल्ली नाही. कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. बाहेर जाऊन फेकली असणार.'

दुसऱ्या दिवशी आम्ही ही ओळ त्यांना वाचून दाखवली. लाज वाटत होती, पण दाखवली. बाई हसल्या. "ती मी ठाण्याच्या गाडीत खाल्ली," म्हणाल्या. "खिडकीकडे तोंड करून."

वाचकहो, आम्हाला इथे एवढंच सांगायचं आहे. कालाम लोकांना भगवान बुद्धांनी सांगितलेलं आपण विहारात ऐकतो. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, आणि नुसतं तर्काला पटतं म्हणूनही मानू नका. आम्ही हे नेहमी दुसऱ्यांच्या अंधश्रद्धेला लावत आलो. आमच्या स्वतःच्या रागाला कधी लावलं नाही. 'कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली' हे आम्ही पाहिलं होतं. 'फेकली असणार' हे आमच्या मनातलं होतं. एकाच ओळीत, एकाच शाईने लिहिलं, म्हणून दोन्ही खरं वाटलं. वही नसती तर ही चूक कधी सापडलीही नसती. डोक्यातली आठवण आपल्या सोयीने बदलते, कागदावरची बदलत नाही.

बाईंनी नाव लपवलं याबद्दल त्यांना नावं ठेवणारेही आपल्यात निघतील. आम्ही ठेवणार नाही. पोटुशी बाई आठ दिवसांत खोलीबाहेर काढणाऱ्यांची ती शरम आहे, तिची नव्हे. पण त्यांच्या मुलीने जे केलं त्याचा आम्हाला अभिमान आहे. आईच्या भीतीची रेघ तिने आपल्यापुरती तरी पुसली.

मे महिन्यात आम्ही लग्नाला गेलो. आहेराबरोबर एक डबा नानकटाई नेली. बाईंनी मांडवातच झाकण उघडलं आणि सगळ्यांसमोर एक खाल्ली.

त्या दिवसापासून आमच्या वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडे पाहिलं ते, उजवीकडे वाटलं ते. उजवी बाजू अजून जास्त भरते, हे कबूल करतो. पण आता निदान कळतं तरी. तुमच्या घरात एखादी कोरी वही पडली असेल तर काढा. पोरांच्या जुन्या वह्यांची मागची पानंही चालतात.

जयभीम!