एकट्याचा डाव

पत्ते एकट्याने खेळावेत ही कल्पना आमच्या लालबागला तरी कुणाला पटली नसती. पत्ते म्हटले की चार माणसे हवीत, मध्ये अंथरलेली चादर हवी आणि स्वतः खेळत नसून खेळणाऱ्यांपेक्षा जास्त बोलणारा पाचवा हवा. गणपतीच्या जागरणाला चाळीच्या गॅलरीत मेंढीकोट रंगायचा. बावन्न पाने, चौघांना तेरा-तेरा. समोर बसेल तो भिडू. त्याने भलतीच उतारी केली, की रात्रीचे भांडण सकाळी नळावर पाणी येईपर्यंत पुरायचे.

म्हणूनच यंदा सुटीत आलेला भाचा मोबाइल पुढे करून म्हणाला, "मामा, हा पत्त्यांचा खेळ बघ ना, एकट्यानं खेळायचा," तेव्हा मला त्याची थोडी कीवच आली.

खेळाचे नाव 'स्ले द स्पायर'. अमेरिकेतल्या अँथनी जिओव्हानेटी नि केसी यानो या दोघांनी तो रचला आणि २०१९ साली तो पुरता तयार होऊन बाजारात आला. एका मनोऱ्यावर चढत जायचे, वाटेत राक्षस भेटतील त्यांच्याशी लढायचे आणि लढायचे ते पत्त्यांनी. दर खेपेला पाच पाने हाती येतात. एक लढाई जिंकली, की तीन नवी पाने समोर मांडली जातात. त्यांतले एक घ्यावे. नको असेल तर एकही घेऊ नये.

खरी गंमत या नकारात आहे. गठ्ठा जाड झाला, की नेमक्या वेळी हवे ते पान वर येत नाही. म्हणून जाणता खेळाडू चांगले पानही हात जोडून परत करतो. वाटेत एक दुकानदार भेटतो. त्याला पहिल्या खेपेला ७५ मोहरा मोजल्या, की आपले एक नकोसे पान तो कायमचे काढून टाकतो. आमच्याकडे भंगारवाला उलट आपल्याला पैसे देतो! पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला हा व्यवहार ओळखीचा वाटतो. बरे उतरलेले वाक्य खोडताना तोही काही थोडी किंमत मोजीत नाही.

सुरुवातीला पहिल्या योद्ध्याजवळ दहा पाने असतात. पाच 'स्ट्राइक', चार 'डिफेंड' आणि एक जास्त जोराच्या फटक्याचे. भाच्याच्या लेखी स्ट्राइक म्हणजे तलवारीचा वार. लालबाग-परळात वाढलेल्या माणसाच्या कानाला मात्र त्याचा दुसराच अर्थ आधी ऐकू येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या कामगारांत माझे वडीलही होते. मला कळू लागले तेव्हा गॅलरीतले डाव जागरणापुरते उरले नव्हते. कामाच्या वारी, भर दुपारी पाने पिसली जात. पाळीचा भोंगा वाजत नव्हता, म्हणून ते डाव पडत होते. मुलांना त्याची गंमत वाटे; घरच्या बायकांना वाटत नसे.

भाचा सांगत होता, "मामा, ही स्ट्राइकची पानं आधी काढून टाकायची. सुरुवातीला कामाची असतात, पण वर चढायला लागलं की कमी पडतात." तो खेळाविषयीच बोलत होता. मी काही बोललो नाही.

या खेळातला शत्रू मोठा सत्यवचनी. पुढच्या खेपेला तो किती जोराचा वार करणार, तो आकडा त्याच्या डोक्यावरच दिसतो. तो पाहून आपण मारायचे की सावरायचे ते ठरवावे. गॅलरीत बसणाऱ्यांना असा आकडा कुणी दाखविला नव्हता. गिरणी उद्या उघडेल, परवा उघडेल, म्हणत वर्षे गेली. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर नवे बांधकाम करण्याची वाट मोकळी केली. आज त्या जमिनींवर खरेच मनोरे उभे आहेत आणि ते आमच्या गॅलरीतून दिसतात.

मेंढीकोटात वाटून आलेली तेरा पाने निमूट उचलायची असतात. वडिलांनी तसेच केले. काही दिवस भाजी विकली, मग रखवालदारी केली. समोर तीन पाने मांडून 'यातले कुठले हवे?' असे त्यांना कुणी विचारले नाही. मात्र त्यांच्यासमोर भिडू होता. हरल्यावर भांडायला आणि भांडण झाल्यावर अर्धा चहा पाजायला. भाच्याच्या खेळात तेवढी सोय नाही. हरला, की तो मुकाट्याने पुन्हा तळाशी येतो आणि त्याच दहा पानांनी नव्याने चढू लागतो.

तरीही तीन पाने समोर आली, की तो बोट वरच्यावर धरून बराच वेळ थांबतो. मी त्याला घाई करीत नाही. निवडायला तीन पाने असणे ही केवढी चैन आहे, हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक नसावे, हेच बरे.