व्यवसाय : विणकर

आमचे अब्बा मालेगावात यंत्रमागावर विणकर होते. गावात या कामाला ‘सांचा चालवणे’ म्हणतात. वयाच्या सोळाव्या वर्षी ते सांच्यावर उभे राहिले आणि गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत, जवळजवळ 40 वर्षे, उभेच राहिले. गेल्या वर्षी त्यांचा इन्तेकाल झाला. ते कोणत्या संस्थेचे सदर नव्हते की मशिदीचे मुतवल्ली नव्हते. त्यांच्यावर कोणी लेख लिहिणार नव्हते, म्हणून आम्ही लिहीत आहोत. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे अब्बा असतील, किंवा होऊन गेले असतील.

मालेगावचा विणकर एका वेळी चार, कधी सहा माग सांभाळतो. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे धावतो. कांडीवरचे सूत संपत आले की कांडी बदलायची, ताण्याचा धागा तुटला की माग थांबवून गाठ मारायची, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या मागांवरही नजर ठेवायची. पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मजुरी कापडाच्या मीटरवर. 2005 नंतर भारनियमनाची वर्षे आली, तेव्हा अब्बा कारखान्याच्या ओट्यावर विजेची वाट पाहत तासन्‌तास बसून असत. त्या बसण्याची मजुरी मिळत नसे.

सांच्यांच्या खडखडाटात बोललेले ऐकू येत नाही. कामगार एकमेकांचे ओठ वाचतात, हातांनी खुणा करतात. पन्नाशीच्या आतच अब्बांना कमी ऐकू येऊ लागले आणि घरातही त्यांचा आवाज चढा झाला. नवख्या पाहुण्याला वाटे, हे रागावले आहेत. खरे तर ते त्याला आणखी एक रोटी घेण्याचा आग्रह करत असत. अब्बांशी बोलायचे तर समोर जाऊन, आपले तोंड त्यांना दिसेल असे उभे राहायचे. पाठीमागून हाक मारायची नाही, ही आमच्या घरची तहजीब होती. आम्हा पाच भावंडांपैकी दोघे शिक्षक झालो. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलायचे असले की आजही आमची पावले आपोआप त्याच्या बाकाकडे वळतात.

मालेगावात जुम्म्याला सांचे बंद असतात. बारा-बारा तासांच्या सहा पाळ्या करून आलेला माणूस त्या दिवशी झोपून राहिला असता तरी कोणी काही म्हटले नसते. अब्बा फजरनंतर आमच्या शाळेचे कपडे धुवायला बसत. अम्मी घरी कांड्या भरायची. तिचे हात आठवडाभर सुतात असत, म्हणून जुम्म्याचे धुणे अब्बांचे. मोहल्ल्यातले काही जण हसत. अब्बांना ते ऐकू येत नसे, आणि आले असते तरी त्यांनी बादली बाजूला ठेवली नसती, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

त्यांच्या हाताखाली नवी पोरे काम शिकायला येत. नवशिक्याचा तुटलेला धागा नजरेतून सुटतो, कापडात दाग पडतो, आणि दागाचे पैसे मजुरीतून कापले जातात. एका पोराच्या पहिल्याच आठवड्यात असे खूप दाग पडले. अब्बांनी ते कापड आपल्या नावावर लिहवून घेतले. त्या आठवड्यात घरी पैसे कमी आले, तेव्हा अम्मी संतापली, “दुसऱ्याच्या लेकरासाठी आपल्या लेकरांच्या ताटातले कमी करायचे का?” अब्बा म्हणाले, “पहिलाच हिशेब रिकाम्या हाताने घेऊन गेला तर तो उद्या येणार नाही. मग कुठे जाईल?” अम्मी काही बोलली नाही. आठवडाभर डाळ पातळ झाली आणि तिने रात्री जागून जास्तीच्या कांड्या भरल्या. तो पोरगा पुढे पक्का विणकर झाला. अब्बांच्या जनाजाला खांदा देऊन गेल्यावर तो अम्मीच्या दारात येऊन रडला. ते आम्हाला योग्य वाटले. अब्बांच्या भलेपणाचा अर्धा खर्च अम्मीने उचलला होता.

थोरला भाऊ बारा वर्षांचा झाला तेव्हा मालकाने सहज विचारले, “याला कधी आणता?” अब्बांनी तेव्हा मान हलवून विषय टाळला. घरी येऊन मात्र मोठ्या आवाजात म्हणाले, “इस घर में एक बहरा काफी है.” त्यांनी पाचही जणांना शिकवले, त्यात आमच्या दोन्ही बहिणी आल्या.

चाळीस वर्षे काम केले, पण तसे सांगणारा एक कागद घरात नाही. कारखाना छोटा, माणसे आठ. त्या काळी 1948 चा कारखाने कायदा वीज वापरणाऱ्या जागेला दहा कामगारांपासून लागू होई आणि भविष्य निर्वाह निधी वीस कामगारांपासून. अब्बा दोन्हींच्या बाहेर राहिले. 2021 मध्ये असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली, पण ती 59 वर्षांपर्यंतच्या कामगारांसाठी होती आणि अब्बांचे वय तेव्हा उलटून गेले होते. मृत्यूची नोंद करताना व्यवसायाच्या रकान्यात कारकुनाने ‘मजूर’ लिहिले. आम्ही ‘विणकर’ लिहा म्हणालो. तो म्हणाला, एकच आहे.

एक नाही. ‘मजूर’ या शब्दात चार मागांवर फिरणारी नजर दिसत नाही, घड्याळाकडे न पाहता मारलेली गाठ दिसत नाही. आमच्या शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरातही बापाच्या नावापुढे रकानेच्या रकाने ‘मजुरी’ लिहिलेले असते. यंदा आम्ही मुलांना मराठीच्या तासाला सांगितले, वडील नेमके काय करतात ते त्यांना विचारून दहा ओळी लिहून आणा. एकीचे वडील तुटलेल्या ताण्याचे धागे जोडतात, एकाचे हातगाडीवर बीम वाहतात, एकाचे रात्री भट्टीवर पाव भाजतात. एक मुलगा म्हणाला, अब्बांनी पहिल्यांदाच इतका वेळ माझ्याशी बोलले.

आमच्या अब्बांची तारीफ करताना त्यांच्या परिस्थितीची तारीफ व्हावी असे आम्हाला वाटत नाही. त्यांचे कान शाबूत राहिले असते आणि म्हातारपणी हातात पेन्शन आली असती, तरी ते एवढेच भले राहिले असते. म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरात, शेजारी कोणी कष्टकरी 59 च्या आतला असेल तर त्याची ई-श्रम नोंदणी झाली आहे का ते पाहा, नसेल तर सोबत जाऊन करून द्या. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारा. समोर बसून, तोंड दिसेल असे बसून विचारा.

अल्लाह आमच्या अब्बांची मगफिरत करो आणि अम्मीला सेहत देवो. आमीन.