नाव वेगळे, औषध तेच

गावोगावच्या सभांत गेली अठ्ठावीस वर्षे मी एक गोष्ट न चुकता सांगत आलो. फवारणीचे औषध घेताना बाटलीवरचे मोठे नाव पाहून भागत नाही, त्याखालचे बारीक नाव वाचावे. मोठे नाव कंपनीने ठेवलेले, बारीक नाव औषधाचे. कपाशीवर मावा-तुडतुडे आले की काही मंडळी दोन दुकानांतून दोन बाटल्या आणतात आणि एकाच पंपात ओततात. बारीक अक्षरे वाचली तर दोन्हींत इमिडाक्लोप्रिडच! खर्च दुप्पट, विष दुप्पट.

हे सांगत फिरणाऱ्या माझ्याच घरात काय झाले, ते आज सांगतो.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला मधुमेह. तालुक्याच्या डॉक्टरांची गोळी ती रोज सकाळी घेई. 2023 च्या मे महिन्यात ती धाकट्या भावाकडे पुण्याला गेली. तिथे तपासणी झाली, नव्या गोळ्या मिळाल्या. जुनी चिठ्ठी कोणी बरोबर नेलीच नव्हती. परत आल्यावर आई म्हणाली, "ही गोळी पुण्याची, ही इथली. पैसे पडलेत, टाकायची कशाला?" मी नुसते 'हं' म्हटले आणि पेरणीच्या धावपळीत विसरून गेलो.

आषाढी एकादशी आली. आईने सकाळी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि दिवसभर कोऱ्या चहावर राहिली. दुपारी बायकोने हाक मारली, "अहो, लवकर या, आई कसंतरीच करताहेत." आई घामाने भिजली होती, हात थरथरत होते. मला ती मामांच्या नावाने हाक मारू लागली. माझे तर हातपायच गळाले. शेजारच्या आशाताई धावत आल्या. "गिळता येतंय ना? मग आधी साखरपाणी द्या," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने आईने मला ओळखले. शुद्ध हरपली असती, तर तोंडात काही ओतायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा, हेही मला तेव्हाच कळले.

डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे माझ्यासमोर ठेवली. "साहेब, बारीक अक्षरं वाचा." दोन्हींवर ग्लिमेपिराइड! मी मान खाली घातली. म्हातारपणी मूत्रपिंडाचे काम मंदावते, औषध अंगात जास्त वेळ राहते. त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते, असे सांगून त्यांनी आईला रात्रभर ठेवून घेतले.

त्या दिवसापासून घरात काही नियम केले. कोणत्याही डॉक्टरकडे जाताना आईची सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यायची. त्यात चूर्ण, काढा आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळीसुद्धा आली. नवी गोळी मिळाली की जुनी चालू ठेवायची की बंद करायची, हे तिथेच विचारायचे. आपल्या मनाने वाढवायची नाही आणि बरे वाटले म्हणून सोडायचीही नाही. आईला वाचता येत नाही, म्हणून नातीने दोन डब्या केल्या. एकीवर सूर्य काढला, दुसरीवर चंद्र. फवारणीच्या बाटल्या गोठ्याजवळच्या कुलुपाच्या पेटीत गेल्या. दोन्हींना आपण 'औषध'च म्हणतो, पण त्यांची जागा एक नसावी.

उपासाचेही आधी विचारतो. पुढच्या आषाढीला डॉक्टरांनी नुसत्या चहावर राहू दिले नाही. वेळच्या वेळी खायला सांगितले आणि त्या दिवशीची गोळी कशी घ्यायची तेही लिहून दिले. आईने भगर खाल्ली, ताक घेतले, हरिपाठ म्हटला. "विठोबा काही रागावला नाही रे," ती म्हणाली.

वाचकहो, आज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांची औषधे एकदा ओट्यावर मांडून बघा. बारीक अक्षरे वाचा. शाळेत जाणारे पोर घरात असेल, तर त्याच्याकडून वाचून घ्या.