पेरायचं काय?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मदतकार्याचा मला बऱ्याच वर्षांचा अनुभव होता. मी त्यावरच विसंबले.

टाळेबंदी चालू होती, वीज गेली होती, फोन लागत नव्हते. ताडपत्री, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, मेणबत्त्या अशी यादी मी एका बैठकीत केली. बागांचं नुकसान सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. श्रीवर्धनच्या बाजूला सुपाऱ्या आणि माड मुळासकट आडवे पडले होते आणि नवी सुपारी धरायला कितीतरी वर्षं लागतात. भाताबद्दल मात्र कोणी बोलत नव्हतं, कारण जूनच्या सुरुवातीला शेतात भात नसतंच. ते तेव्हा घरात असतं, बियाणं म्हणून.

खाडीकाठच्या एका गावात एक आजी मला माजघरात घेऊन गेल्या. वरची कौलं उडाली होती. कणगीत हात घाल म्हणाल्या. आत चांगलीच ऊब होती. भिजलेल्या भाताला मोड फुटून त्याचे गठ्ठे झाले होते, आंबूस वास सुटला होता.

"तांदूळ दिलास पोरी, पण पेरायचं काय?"

मी म्हणाले, "आजी, आधी पोटाचं बघू. बियाण्याचं नंतर."

मी हे अगदी मनापासून बोलले होते. त्यांनी दिलेला तांदूळ घेतला आणि पुढे काही बोलल्या नाहीत. पुढच्या हंगामाचं अन्न माझ्या हाताखाली कुजत होतं आणि मी किराणा मोजत होते.

कोकणात मृगाच्या आगेमागे राब पेरून होतो. रोप लांबलं की लावणी लांबते आणि परतीचा पाऊस लवकर आटोपला तर दाणा भरत नाही. मी बियाण्याच्या मागे लागले तेव्हा शेजारच्या गावांत रोपं हिरवी झाली होती.

त्यात मी आणखी एक चूक केली. वादळात त्या गावचा बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं होतं. अशा खार जमिनीत पूर्वीपासून राता घेतात. दाणा लाल, उतारा कमी, पण खारं पाणी सोसणारं भात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, पनवेल-२ हे वाणही याच जमिनींसाठी काढलेले आहेत. हे मला माहीत होतं. पण एका देणगीदाराकडे गोड्या जमिनीतल्या सुधारित वाणाच्या पिशव्या तयार होत्या, हंगाम निघून चालला होता आणि मला दिलेला शब्द पुरा करायचा होता. पिशवी उचलताना एका शेतकऱ्याने विचारलं, "ताई, खाऱ्यात चालेल ना?" मी "चालेल" म्हणाले. कोणालाही न विचारता.

पुढे पावसाने मोठी उघडीप दिली आणि मीठ वर आलं. रोपांची पाती शेंड्याकडून पिवळी पडत गेली, मग तांबूस झाली, मग वाळली. उंचवट्यावरचं थोडं वाचलं. त्या घरांनी वर्षभर तांदूळ विकत आणला. टाळेबंदीत ज्यांची मजुरी आधीच गेली होती, त्यांनी तो उधारीवर आणला.

नंतरच्या उन्हाळ्यात मी त्या गावात पुन्हा गेले. एका घरी माळ्यावर टांगलेलं रात्याचं बियाणं वादळातूनही कोरडं राहिलं होतं. त्या माणसाने ते चार घरांना वाटलं होतं, सुगीला सवाई परत द्यायच्या बोलीवर. वादळानंतर हे मला कोणी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. "तुम्ही यादी घेऊन आलात, यादीत हवं ते विचारलंत," ते म्हणाले.

तेव्हापासून आमच्या मदतीच्या यादीत बियाण्याचा रकाना तांदळाच्या वर असतो आणि कोणत्या जमिनीचं बियाणं हवं, ते त्या गावातल्याच माणसाकडून भरून घेतलं जातं. ज्यांना मी "चालेल" म्हणाले होते, त्यांनी ते शेत पुढच्या वर्षी कोळंबीसाठी भाड्याने दिलं. तिथे आता बाराही महिने खारं पाणी असतं.