न आठवणारं ऋण

माझ्यावरचं सगळ्यात मोठं ऋण मला आठवत नाही. मी तेव्हा सव्वा वर्षाची होते. जे माहीत आहे ते आईने सांगितलेलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. आईवडील ऊसतोडीला जायचे. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीला टोळीबरोबर कारखाना गाठायचा आणि हंगाम संपेपर्यंत कोपीत राहायचं. नवराबायको मिळून एक कोयता. माझा थोरला भाऊ फडाच्या कडेला, पाचटावर वाढला. दुपारपर्यंत त्याच्या पोटात आईच्या दुधाखेरीज काही जायचं नाही. हगवण लागली की हटायची नाही.

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी सुरू झाली. आमच्या गावात अंगणवाडी यायला पुढे बरीच वर्षं गेली. ती आली तेव्हा भाऊ पाचचा झाला होता आणि मी रांगतही नव्हते. अंगणवाडीच्या बाईंनी मला काट्याच्या झोळीत घातलं, तक्त्यावर ठिपका मांडला आणि आईला म्हणाल्या, "पोरगी कुपोषणाच्या तिसऱ्या श्रेणीत आहे. हिला यंदा फडावर नेऊ नको. आजीपाशी ठेव."

"बाई, म्हातारीला दिसत नाही."

"मला दिसतंय ना!"

आणि त्यांनी खरंच बघितलं. सुकडी सगळ्याच मुलांना मिळायची, पण मी आपणहून खात नव्हते. म्हणून बाई ती दुधात कालवून, मला मांडीवर घेऊन भरवायच्या. संध्याकाळी घरच्या वरणाची वाटी घेऊन यायच्या आणि ओसरीवर बसून माझ्याशी बोलत राहायच्या. एवढ्याशा पोरीला काय कळतंय, असं आजी म्हणायची. बाई बोलायच्या थांबायच्या नाहीत. काड्यापेट्यांची गाडी, चिंध्यांची बाहुली, चिंचोके घालून बंद केलेला डबा, हे सगळं त्यांच्या हातचं. आई परतली तेव्हा मी चालत होते, आणि तिला ओळखलंच नाही. ते सांगताना आईचे डोळे अजून भरतात.

पुढे मी आहारशास्त्र शिकले, आता तेच शिकवते. वर्गात ग्वाटेमालाच्या अभ्यासापाशी आले की थोडं थांबावं लागतं. 1969 ते 1977 या काळात तिथल्या दोन खेड्यांत लहान मुलांना आतोले नावाची प्रथिनयुक्त पेज दिली, दुसऱ्या दोन खेड्यांत नुसतं गोड पेय. मुलं कमावती झाल्यावर पाहिलं, तर पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सरासरी 46 टक्के जास्त निघाली. तीन वर्षांनंतर मिळालेल्या पेजेने तो फरक पडला नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये आरोग्यसेविका खुरटलेल्या मुलांच्या घरी दर आठवड्याला जात. घरी बनवलेली खेळणी नेत, मुलांशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आयांना दाखवत. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, अशी मदत न मिळालेल्या खुरटलेल्या मुलांपेक्षा 25 टक्के जास्त होती.

एका घरातल्या दोन भावंडांवरून शास्त्र ठरत नाही, हे मी विद्यार्थ्यांना बजावून सांगते. तरीही 2022 साली जगात 33 कोटींहून जास्त मुलं, म्हणजे दर सहांतलं एक, अतिदारिद्र्यात होती, हा आकडा वाचताना मला भाऊच दिसतो. तो माझ्याहून कशातच कमी नव्हता. त्याला तीच आई मिळाली, तीच भाकर, तीच शाळा. बाई मात्र वेळेवर मिळाल्या नाहीत. तो आजही कोयता घेऊन जातो. या मुलांना मोठेपणी शिष्यवृत्त्या जरूर द्याव्यात. पण दीड वर्षाच्या मुलाला भरवणाऱ्या हाताची जागा त्या घेऊ शकत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

बाई आता थकल्या आहेत. उभं आयुष्य त्यांनी मानधनावर काढलं. अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली मान्य केला, त्याआधीच त्या निवृत्त झाल्या होत्या. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेले आणि ग्वाटेमालाची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली. मग विचारलं, "आणि ती पेज शिजवणाऱ्या बायांना पगार होता का गं?"