न्हाणीची फरशी

आमच्या घरातल्या एका खोलीला चार नावं होती. आई तिला न्हाणी म्हणायची. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या अक्का बच्चल म्हणायच्या. लग्न होऊन कोल्हापूरहून आलेली माझी बायको मोरी म्हणायची, आणि शाळेत जायला लागल्यापासून मुलं बाथरूम म्हणू लागली. बेळगावच्या शहापुरात अशा घरांना तोटा नाही. नावं चार असली तरी पायाखालची फरशी एकच होती, शहाबादची.

वडिलांनी ती १९६२ साली बसवून घेतली. शहाबाद हे तेव्हाच्या गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं रेल्वेच्या मोठ्या मार्गावरचं गाव. तिथला चुनखडीचा दगड जमिनीतच थराथरांनी रचलेला असतो. पहारीनं थर सुटा केला की सपाट लादी निघते, वरून किंचित खडबडीत. स्वस्त आणि मजबूत. घर मराठी असो की कानडी, आमच्या भागातल्या कितीतरी न्हाण्या त्याच दगडाच्या.

चौतीस वर्षं त्या फरशीनं सगळं सोसलं. चुलाण्यातले निखारे, पितळी घागरींचे दणके, धुण्याची सोड्याची पाणी. पण सांध्यांतला चुना झिजून गेला आणि पाणी खाली मुरू लागलं. अक्कांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, पोपडे सुटले. अक्कांनी ते आईला कानडीतून सविस्तर सांगितलं. आईनं आत येऊन मला मराठीतून निम्मंच सांगितलं. उरलेलं निम्मं तिच्या चेहऱ्यावर होतं.

त्यात मी एक शहाणपणा केला होता. फरशीवरचा काळा थर जावा म्हणून बाजारातलं अॅसिड आणून ओतलं. फसफसून फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. निघत होता तो दगडच. चुनखडीला अॅसिड खातं, हे शाळेत शिकलो होतो, पण ते वहीत राहिलं. फरशीला खड्डे पडले आणि त्यांत साबण साचू लागला. घासून घासून बायकोचे हात दुखायचे. तेव्हा फरशी बदलायला हवी होती, यात आजही मला शंका नाही.

१९९६ च्या उन्हाळ्यात मी आणि बायको टाइल्स बघायला गेलो. दुकानात भिंतभर नमुने लावलेले. फिकट गुलाबी रंगाची, आरशासारखी चकचकीत टाइल आम्हा दोघांनाही आवडली. कार्यालयातल्या एकदोघांकडे तसलीच बघितली होती. भिंतीला आणि खाली एकच चालेल, असं दुकानदार म्हणाला. आईला आम्ही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नाही.

कामाला गवंडी आला. आमच्याकडे त्याला गौंडी म्हणतात. त्यानं खोक्यातली एक टाइल काढली, तिच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि अंगठा फिरवला.

"जारतैती, साहेब," तो म्हणाला. घसरते. "भिंतीला हीच लावू या. खाली खरखरीत घ्या की."

पैसे देऊन झाले होते. खोकी परत घेऊन जायची, दुकानदाराशी बोलायचं, पुन्हा टेम्पो करायचा. आणि गौंड्यानं सांगितलं म्हणून बदलायचं, हेही मनाला पटेना. मी म्हणालो, "लाव तू. बघू."

त्यानं जुनी फरशी उखडली. चुलाण्याजवळची एक लादी, दोन फूट बाय दीड फूट, अखंड निघाली. वडील पाट न घेता तिच्यावरच आंघोळीला बसत. आई दारात आली, गौंड्याशी कानडीत दोन शब्द बोलली. त्यानं लादी उचलून परसात विहिरीजवळ ठेवली. मला कुणी काही विचारलं नाही.

काम मात्र त्यानं मन लावून केलं. विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याला जाळीकडे उतार, उतार बरोबर आहे का ते बघायला पेलाभर पाणी सोडून केलेली परीक्षा. पाणी जाण्याच्या भांड्याला तो ‘नहाणी ट्रॅप’ म्हणाला, तेव्हा आई हसली. टाइल्स बादलीत भिजवायच्या, त्यांतून बुडबुडे यायचे थांबले की बसवायच्या, थापीच्या दांड्यानं ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकायचं, मग सांध्यांत पांढरं सिमेंट. चार दिवसांत न्हाणी अशी उजळली की गल्लीतले लोक बघायला आले. अक्कांची भिंतही हळूहळू वाळली.

आई म्हणाली, "छान झालंय रे." आणि भिंत धरून आंघोळीला जाऊ लागली.

तिची एक दृष्टी मोतीबिंदूनं अधू झालेली, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. वय ७४. आंघोळीला पूर्वीपेक्षा वेळ लागू लागला. मला वाटलं, वय झालं.

दिवाळी आली. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी अक्कांकडे ‘नीरु तुंबो हब्ब’, पाणी भरण्याचा सण. हंडा घासूनपुसून, पूजा करून पाण्यानं भरून ठेवायचा. इतक्या वर्षांच्या शेजारानं तो आईनंही उचलला होता. पहाटे तिनं आम्हा सगळ्यांना तेल लावलं, उटणं लावलं, एकेकाला न्हाणीत पाठवलं आणि स्वतः शेवटी गेली. तोवर फरशीवर तेलाचा, उटण्याचा आणि साबणाचा थर बसलेला. बाहेर मुलं फटाके लावत होती, तरी तांब्या पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "फरशी कसली आहे?" मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "या खेपेला मनगटावर भागलं. खुबा असता तर अवघड होतं."

आई म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." अक्का होळिगे घेऊन आल्या, आईजवळ बसल्या. जाताना न्हाणीत डोकावल्या आणि माझ्याशी न बोलता घरी गेल्या.

सहा आठवडे हात गळ्यात होता. बायको तिला आंघोळ घालायची. जन्मभर स्वतःची स्वतः न्हाणारी बाई, मान खाली घालून बसून राहायची. एका दुपारी मी लवकर घरी आलो तर आई परसात होती. त्या जुन्या लादीवर बसून, डाव्या हातानं तांब्या घेऊन पायांवर पाणी ओतत होती.

"इथं कशाला बसलीस, आई?"

"इथं पायाला कळतंय रे, आपण कुठं आहे ते."

मग तिनं सांगितलं. दारातून दोन पावलं, तिथं कोपरा उडालेली फरशी. तिच्यापुढे खड्डा. मग चुलाण्याजवळची मोठी लादी, पुढे उतार. चौतीस वर्षं ती हे पायांनी वाचत आली होती. नव्या फरशीवर सगळीकडे सारखंच. त्यात खिडकीतला उजेड चमकला की पाणी कुठं आणि कोरडं कुठं, तेही तिला दिसत नसे.

दुकानात मी टाइल डोळ्यांनी निवडली होती. पायांत बूट होते.

जानेवारीत त्याच गौंड्याला पुन्हा बोलावलं. ‘मी सांगितलं होतं’ असं त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. भिंतीच्या टाइल्स तशाच ठेवल्या, खालच्या तेवढ्या काढल्या, मॅट बसवल्या. चुलाण्याजवळ वडिलांची लादी, वर न येता, खाली न जाता, टाइल्सच्या पातळीत. उंची जमवायला त्यानं तिच्या खालचा कोबा खरवडला. दाराजवळ एक लोखंडी कडी भिंतीत रोवली, ती मात्र न विचारता. खर्च दुप्पट झाला. बायकोनं हिशेबाच्या वहीत तो ‘न्हाणी’ म्हणून लिहिला. मोरी म्हणून नाही.

आई त्यानंतर आठ वर्षं होती. शेवटचा महिना सोडला तर आंघोळ तिची तिनंच केली.

आता चुलाणं नाही, गच्चीवर सौर बंब आहे. अक्काही राहिल्या नाहीत. मी आईच्या त्या वयाला पोचलो आहे आणि पहाटे दिवा न लावता न्हाणीत जातो, तेव्हा माझा पाय ती लादी शोधतो. मुलगा बंगळूरला असतो. न्हाणी पुन्हा नवी करू या, म्हणतो. फोनवर मोठमोठ्या टाइल्सचे फोटो पाठवतो. मी नाही म्हटलं नाही. फक्त सांगितलं, येताना एक घेऊन ये. त्यानं आणली. मी तिच्यावर खोबरेल तेल आणि साबणाचं पाणी ओतलं आणि म्हणालो, "चप्पल काढ आणि उभा राहा."

तो हसला, पण उभा राहिला. लगेच त्यानं माझा दंड धरला. ती टाइल परत गेली.

दिवाळीनंतर काम काढायचं आहे. जुना गौंडी आता थकला, त्याचा मुलगा येणार आहे. त्याला लादी दाखवून ठेवली आहे.