ढिगाऱ्याखालची वीस मिनिटे

तुम्ही धावण्याच्या शर्यती पाहिल्या असतील, कबड्डीचे सामनेही पाहिले असतील. मी एक स्पर्धा पाहिली, ती मात्र जमिनीखालून! त्या स्पर्धेत मी खेळाडू नव्हतो आणि प्रेक्षकही नव्हतो. मी होतो हरवलेला माणूस.

ही गोष्ट सांगण्याआधी थोडे मागे जाऊ. माझे गाव औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. माझे मामू मदतीला धावले होते. ते सांगत, "आम्ही दगडांना कान लावायचो. सगळ्यांना गप्प करायचो. आतून आवाज आला तर खोदायचो. पण ज्याच्यात आवाज द्यायची ताकद नव्हती, त्याचं काय झालं असेल?"

मामूंचा हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

माणसाचा कान जेथे थकतो, तेथे कुत्र्याचे नाक काम करते. आपल्या शरीराचा गंध वाऱ्याबरोबर फटीफटींतून बाहेर येतो. शिकवलेला कुत्रा तो गंध ओळखतो आणि त्या जागी उभा राहून भुंकत राहतो. अशा कुत्र्यांच्या स्पर्धाही भरतात. १९९३ सालीच त्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिची जागतिक स्पर्धा निरनिराळ्या देशांत होते. त्यात एकूण ३०० गुण असतात. त्यांपैकी २०० गुण शोधाचे आणि १०० गुण आज्ञापालनाचे व चपळाईचे. कुत्र्याला शिडीवरून, हलत्या फळीवरून आणि बोगद्यातून जावे लागते. त्याला उचलून अनोळखी माणसाच्या हातात देतात, तेव्हा त्याने गुरगुरायचे नसते. आणि माणूस नसलेल्या जागी तो भुंकला, तर गुण कापले जातात.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षक आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. शेवटच्या दिवशी तेथे कुत्र्यांची एक छोटी स्पर्धा ठेवली होती. "लपून बसायला कोण तयार आहे?" असे विचारताच माझा हात वर गेला.

मला एका सिमेंटच्या नळात झोपवले. वर फळ्या, माती आणि दगड रचले. "बोलायचं नाही, हलायचं नाही," परीक्षकांनी बजावले. मग अंधार झाला. माझ्या श्वासाचा आवाज मलाच मोठा वाटू लागला. हा खेळ आहे, हे ठाऊक असूनही छाती धडधडत होती.

बिजली नावाची कुत्री शोधाला निघाली. तिच्या गळ्यातला पट्टा काढला होता, कारण ढिगाऱ्यातल्या सळईत तो अडकला तर फास बसतो. काही वेळाने वर नखांचा आवाज आला. मग हुंगण्याचा आवाज. आणि मग ती भुंकली, अगदी माझ्या डोक्यावर!

मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तेवढ्यात तिच्या जवानाचा आवाज ऐकू आला, "तिथं काही नाही. पुढं चल!" त्याला वरून एकही फट दिसत नव्हती. माणूस पलीकडच्या मोडक्या जिन्याखाली असणार, असे त्याने मनाशी ठरवले होते.

नखांचा आवाज दूर गेला. मित्रांनो, 'मी इथे आहे' असे ओरडावेसे वाटणे आणि ओरडता न येणे, हे काय असते ते मला त्या दिवशी कळले. मामूंचा प्रश्न आठवला आणि अंगावर काटा आला.

थोड्या वेळाने बिजली परत आली. ती पुन्हा त्याच जागी भुंकू लागली. जवानाने हाक मारली, तरी ती हलली नाही. शेवटी त्याने हात वर केला. मला बाहेर काढले, तेव्हा वीस मिनिटे झाली होती.

उशीर झाला म्हणून गुण कापले गेले. जवान बिजलीची पाठ थोपटत मला म्हणाला, "सर, चूक माझी. तिनं पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं." मीही तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुत्र्याला हात लावण्याची ती माझी पहिलीच वेळ! घरी आल्यावर अम्मीने सगळे कपडे धुवायला लावले. पण सारी हकीकत ऐकून ती हळूच म्हणाली, "तिला पाणी तरी पाजलंस का?" तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहेच.

त्या रात्री मला झोप आली नाही. प्रशिक्षणाला जाण्याआधी माझ्या वर्गातल्या एका मुलाला गणिताच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण पडले होते. तो नेहमी कच्चा असायचा. मी विचारले, "कोणाचं पाहून लिहिलंस?" तो म्हणाला, "मीच सोडवलं, सर." मी मानले नाही. त्याने पुन्हा तेच सांगितले. तरीही मी निम्मे गुण कापले. बी. एड. ला मुलांवर विश्वास ठेवावा, असे मी शिकलो होतो. पण तो धडा मला वर्गात आठवला नव्हता.

शाळेत गेल्यावर मी त्याला फळ्यावर तीन नवी उदाहरणे घातली. त्याने तिन्ही सोडवली. मी सर्वांसमोर त्याची माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, "सर, मी दोनदा सांगितलं होतं."

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान कुत्रे घेऊन तेथे गेले. नुरदागी येथे ज्युली नावाची कुत्री एका ढिगाऱ्यावर भुंकली. जवानांनी खात्री करण्यासाठी रोमियो नावाच्या कुत्र्याला पाठवले. तोही तेथेच भुंकला. खोदल्यावर सहा वर्षांची एक मुलगी जिवंत सापडली.

पाहा, शंका तेथेही घेतली गेली. शंका घेणे वाईट नाही. पण न तपासता 'तिथं काही नाही' म्हणून पुढे जाणे वाईट. आणि मित्रांनो, तुम्ही खरे बोलत असाल आणि कोणी ऐकत नसेल, तर बिजलीसारखे परत या आणि पुन्हा सांगा. ढिगाऱ्याखाली कोणीतरी वाट पाहत असेल.